दुपारी सिग्नल जातो

३ फेब्रुवारी

मुलगा दोन दिवसांसाठी आला आणि घराची तार तोडून गेला. भिंतीतून निघून बैठकीच्या कडेकडेनं, दोन दारं ओलांडून माझ्या खोलीतल्या संगणकापर्यंत आलेली बावीस फूट केबल त्यानं गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. कारण काय, तर मागच्या आठवड्यात ही तिला अडखळून पडली. पडली म्हणजे गुडघ्याला खरचटलं. एवढ्यावरून बावीस फूट केबल गेली! आता बैठकीत टीव्हीच्या डोक्यावर एक पांढरा डबा बसवलाय, त्याला दोन शिंगं आहेत. "आता सगळं बिनतारी, बाबा." त्याचा फोन चालतो, हिचा चालतो. माझा संगणक चालत नाही. तो वीस वर्षांचा आहे, त्याला हवेतलं काही कळत नाही.

मी म्हणालो, "वीज कंपनीत चौतीस वर्षं मीटर तपासलेत मी. तारेशिवाय काही चालतं हे मला सांगू नकोस."

म्हणाला, "मग रेडिओ?"

हल्लीची पोरं फार उलट बोलतात. आमचं पोर त्रेचाळीस वर्षांचं आहे.

मुद्दा गंभीर आहे, म्हणून ही दैनंदिनी सुरू करत आहे. २० मार्चला मला सत्तर पूर्ण होतात. त्या दिवशी माझ्या आठवणींचं पुस्तक सर्व नातेवाईक आणि जुने सहकारी मिळून बावन्न जणांना ईमेलनं पोचलं पाहिजे, असा माझा संकल्प आहे. चौदा प्रकरणं, दोनशे बारा पानं. मी वह्यांत लिहितो, ही संगणकावर टाइप करते. ही सव्वीस वर्षं न्यायालयात टायपिस्ट होती, साक्षी उतरवून घ्यायची. त्यामुळे तिला मजकूर समजण्याची गरज पडत नाही, बोटं आपोआप चालतात. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर मला पडद्यावरची अक्षरं मुंग्यांसारखी पळताना दिसतात, वहीत जाड पेनानं लिहिलेलं तेवढं दिसतं. म्हणून टाइप झालेलं मी वाचलेलं नाही. वाचायचं काय त्यात? माझंच तर आहे.

९ फेब्रुवारी

दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथे पन्नाशीची एक बाई बसते, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला.

"कुठल्या सालचा आहे काका, संगणक?"

"अत्यंत मजबूत आहे."

"साल विचारलं मी."

साल सांगितल्यावर तिनं चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं, यंत्र मीच असल्यासारखं. मग नखाएवढी एक वस्तू दिली. तिला डोंगल म्हणतात. संगणकाच्या मागच्या खाचेत खुपसायची, म्हणजे हवेतला सिग्नल धरते. पण आधी तिचा ड्रायव्हर चढवावा लागेल म्हणाली. नखाएवढ्या वस्तूला ड्रायव्हर! मी मुख्य निरीक्षक झालो तरी मला मिळाला नव्हता.

ड्रायव्हर एका चकतीत असतो. चकती घालायचा खण उघडेना. खोक्यावरचं हिनं वाचून दाखवलं: चकती चालत नसल्यास ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून घ्यावा. म्हणजे इंटरनेट सुरू करायला लागणारी वस्तू इंटरनेटवर ठेवली आहे. हे वाक्य लिहिणारा माणूस आमच्याच कंपनीतून निवृत्त झालेला असणार.

१० फेब्रुवारी

खणाच्या तोंडाशी टाचणीएवढं भोक असतं. त्यात कागदाची क्लिप सरळ करून खुपसली की खण जीभ काढल्यासारखा बाहेर येतो. ही युक्ती मी शोधली. (हिनं सुचवली, पण क्लिप मी सरळ केली.) ड्रायव्हर चढला. पडद्यावर आसपासच्या सगळ्या सिग्नलांची नावं आली, हिनं वाचली. एकाचं नाव 'फुकट वापरू नये'. एकाचं 'आधी दार लावा'. वरच्या मजल्यावर निवृत्त बँडमास्तर राहतात, त्यांचं नुसतंच 'मास्तर'. आमचं नाव कुठेच नाही. आमचा डबा आमच्या घरात, शिंगं आमच्या टीव्हीवर, आणि आम्हालाच ओळख नाही.

१३ फेब्रुवारी

दुरुस्तीवाली बाई घरी आली. म्हणाली, तुमचा डबा दोन पट्ट्यांमध्ये बोलतो, वरची आणि खालची. या जुन्याला फक्त खालची ऐकू येते, आणि मुलानं खालची बंद करून ठेवलीय. तिनं फोनवरून ती उघडली. लगेच आमचं नाव दिसलं, पासवर्ड घातला, पाचपैकी चार दांड्या उभ्या राहिल्या. मला दांड्या स्पष्ट दिसतात. माझा ऊर भरून आला.

तरी एकही पान उघडेना. प्रत्येक ठिकाणी धोक्याची सूचना. बाईनं कोपऱ्यातली तारीख पाहिली आणि हसली. "आतला सेल संपलाय काका. याच्या मते अजून वीस वर्षांपूर्वीचीच तारीख चालू आहे. म्हणून आजचं काहीही दाखवलं की याला खोटं वाटतं."

ही दारात उभी होती. म्हणाली, "असतात अशी यंत्रं."

दोघी हसल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, पण ही तांत्रिक विषयात रस घेऊ लागली याचं समाधान वाटलं. नवा सेल बसला. जग उघडलं.

संध्याकाळी मी म्हणालो, "उद्या एक प्रत मला स्वतःलाच पाठवून बघू. चाचणी."

ही म्हणाली, "त्याआधी अकरावं प्रकरण एकदा बघायचं का?"

अकरावं प्रकरण म्हणजे 'एक कटू कर्तव्य'. माझी धाकटी बहीण लग्नानंतर दोन वर्षांनी नवऱ्याशी भांडून एका दुपारी आमच्या दारात येऊन उभी राहिली. वडील नव्हते, घरात मोठा मी. त्याच दुपारी तिला स्कूटरवर बसवून सासरी पोचवली. चार महिन्यांनी पुन्हा आली, पुन्हा पोचवली. तिसऱ्या वेळी ती आमच्याकडे न येता परस्पर नर्सिंगच्या वसतिगृहात गेली, आणि तेव्हापासून एकतीस वर्षांत तिनं या घराची पायरी चढलेली नाही. घर सांभाळणाऱ्याला मन किती घट्ट करावं लागतं हे पुढच्या पिढीला कळावं म्हणून मी ते सविस्तर लिहिलं आहे. साडेअकरा पानं.

"हे सगळ्यांना जाणार?" ही म्हणाली.

"बावन्न जणांना."

"आणि तिला?"

"तिला कशाला? तिला माहीतच आहे."

हिनं अकराव्या प्रकरणाची वही उचलली. मग म्हणाली, "टायपिंगच्या चुका आहेत त्यात बऱ्याच. मला वेळ द्या."

"उद्या दुपारपर्यंत घे," मी म्हणालो. मी कामात अडवून धरणारा माणूस नाही.

१४ फेब्रुवारी

दुपारी चार वाजता झोपून उठलो. सिग्नल शून्य.

१७ फेब्रुवारी

पद्धतशीर नोंदी घेत आहे. सकाळी नऊ: चार दांड्या. दुपारी एक: चार. दोन ते चार माझी झोप, बैठकीतल्या दिवाणावर. सव्वाचार: शून्य. संध्याकाळी फिरून आल्यावर सात वाजता: पुन्हा चार.

अडचण अशी की सकाळी ही एका वकिलांकडे टायपिंगला जाते ती दीडला येते, मग जेवणं. सातनंतर स्वयंपाक. पडद्यावरची अक्षरं वाचून पत्ते घालायला ही लागते, आणि ही मोकळी असते फक्त चारला. सिग्नल नेमका तेव्हाच मरतो. आज चार दिवस हेच. हा योगायोग नाही. चौतीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, याच्या मागे कुणाचा तरी हात असतो. बहुधा कंपनीचा.

१९ फेब्रुवारी

लोखंडी कपाट सिग्नल अडवतं असं माझं अनुमान. बँडमास्तरांना बोलावलं. त्यांनी एक, दोन, तीन अशी मात्रा मोजली आणि आम्ही ढकललं. कपाट सहा इंच हललं. माझी कंबर बरीच जास्त. डॉक्टरांनी वाकायला बंदी केली आहे. चार वाजता सिग्नल शून्य. कपाट आता दाराच्या निम्म्यात आहे, आम्ही आडवे होऊन आत जातो.

२२ फेब्रुवारी

दुपारी दोन ते चार सगळा परिसर जेवून फोन बघत लोळतो, भार वाढतो, सिग्नल पुरत नाही. कंपनीला पाच पानी तक्रार लिहून हिच्याकडे टाइप करायला दिली. हिनं विनातक्रार घेतली. पाठवली का विचारलं तर म्हणाली, "पाठवायला सिग्नल नको का?"

तक्रारीला सहावं पान जोडायला घेतलं.

२५ फेब्रुवारी

मुलाचा फोन. म्हणाला, "बाबा, एवढं कशाला? पुस्तक पेन ड्राइव्हवर घ्या, आईच्या वकिलांकडून पाठवा. दोन मिनिटांचं काम आहे."

मी म्हणालो, "माझं आयुष्य मी परक्याच्या यंत्रातून पाठवणार नाही."

मला वाटलं ही मुलाची बाजू घेईल. त्रेचाळीस वर्षं घेत आली आहे. पण हिनं फोन घेतला आणि म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे. त्यांचं पुस्तक त्यांच्याच यंत्रातून जाऊ दे. घाई कसली?"

खरं लिहायचं तर डोळ्यांत पाणी आलं. माणसाला उशिरा का होईना घरात कुणीतरी ओळखतं.

१ मार्च

दुरुस्तीवालीला पुन्हा बोलावलं, मुद्दाम चार वाजता. तिनं वाकून संगणकाच्या मागे हात घातला. थोडा वेळ तशीच वाकून राहिली. मग सरळ झाली, हिच्याकडे पाहिलं, ही खिडकीबाहेर पाहत होती.

"काय दोष आहे?" मी विचारलं.

"दोष असा काही नाही काका." तिनं चष्मा काढून पदराला पुसला. "जुनं यंत्र आहे. त्याचं त्याला वाटलं की चालेल. तोवर काकूंना काय म्हणायचं असेल ते म्हणू द्या."

नंतर दोघी स्वयंपाकघरात चहा घेत पाऊण तास बसल्या. मी दाराशी गेलो तर गप्प. बायकांच्या गप्पांत रस घेण्याएवढा रिकामा मी नाही, म्हणून परत आलो. जाताना बाईनं भेटीचे पैसेही घेतले नाहीत. काम झालं नाही याची तिला लाज वाटली असावी.

७ मार्च

ही अकरावं प्रकरण फार मन लावून तपासते आहे. मी झोपलो की टकटक सुरू होते. आणि हल्ली चहाच्या वेळी विचारत बसते, न्यायालयातली सवय.

"त्या दिवशी ती आली तेव्हा किती वाजले होते?"

"तीन. तू कामावर होतीस."

"हातात काय होतं?"

"कापडी पिशवी."

"पायात?"

विचार करावा लागला. एकाच पायात चप्पल होती. हे मी वहीत लिहिलेलं नाही, त्याचा विषयाशी संबंध नाही.

"दारात काय म्हणाली?"

"म्हणाली, दादा, मला डाव्या कानानं ऐकू येत नाहीये."

"मग तुम्ही?"

"मी म्हणालो, सर्दी झाली असेल."

"बरं," असं म्हणून ही कप उचलून आत गेली.

आज दुपारी झोप लागली नाही. त्या चपलेचं मला इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. टकटक ऐकत पडून राहिलो. चारच्या सुमाराला माझ्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. संगणकाच्या मागची धूळ झटकत असणार बिचारी.

१२ मार्च

आठ दिवस उरले. मास्तर म्हणाले, त्यांच्या बँडमध्ये आवाज मागे जाऊ नये म्हणून वादकांच्या पाठीशी पत्रा लावत. तेच तत्त्व! हिच्या स्वयंपाकघरातलं सगळ्यात मोठं झाकण आणलं, चंदेरी कागद चिकटवला, आणि डब्याच्या मागे उभं केलं. आता टीव्ही लावला की निवेदकाच्या मागे तेजोवलय आहे असं वाटतं. सिग्नल शून्य. कोन बदलून पाहीन.

१८ मार्च

दुपारी ही म्हणाली, "झालं तपासून."

आणि चार वाजता सिग्नल चार दांड्या! झाकणाचा कोन आज सकाळीच मी दोन बोटं डावीकडे केला होता. दोन बोटं! मी हिला म्हणालो, "बघ, शास्त्र." ती म्हणाली, "हो. तुम्ही हात लावला म्हणूनच."

झाकणाला कुणी हात लावायचा नाही अशी चिठ्ठी डकवली आहे.

२० मार्च

पाठवलं. माझ्या सत्तराव्या वाढदिवशी, माझ्याच खोलीतून, माझ्याच यंत्रातून, हवेतून. पत्ते हिनं घातले. पाठवायचं बटण मी दाबलं, ही म्हणाली, "तुम्हीच दाबा, नंतर म्हणायला नको." किती समजूतदार.

यादी वाचून घेतली तेव्हा बावन्नऐवजी त्रेपन्न वाटले. मोजण्यात चूक झाली असेल.

२३ मार्च

उत्तरं येत आहेत! माझे जुने अधीक्षक लिहितात, "असं लेखी कबूल करायला छाती लागते." सातव्या प्रकरणाबद्दल असणार. तिथे मी कारखान्याची वीजचोरी पकडायला खांबावर चढलो आणि उतरता येईना हे कबूल केलं आहे. आत्तेभाऊ लिहितो, "डोळे भरून आले. अकरावं पुन्हा वाचलं." थोरल्या मावशीचा फोन आला. म्हातारी रडत होती. म्हणाली, "मला वाटलं होतं तू मरेपर्यंत नाही बोलणार. सुखी राहा."

खांबाच्या प्रसंगात एवढं रडण्यासारखं काय आहे मला समजेना. पण माझ्या लेखणीत ते सामर्थ्य असू शकतं.

२६ मार्च

कंपनीत माझ्या हाताखाली होता तो, ज्याला आम्ही 'फ्यूज' म्हणायचो, त्यानं फोन केला. "साहेब, मीही माझ्या बहिणीला असंच परत पोचवलं होतं. तुमचं वाचून तिला काल फोन केला. तिनं उचलला नाही. पण मी केला."

मी म्हणालो, "असंच म्हणजे कसं?"

तो म्हणाला, "तुम्ही लिहिलंय तसंच, साहेब. एकही शब्द न सजवता."

एकही शब्द न सजवता? साडेअकरा पानं मी सजवली होती, दोन महिने.

२७ मार्च

हिला म्हणालो, "अकरावं प्रकरण मोठ्यानं वाच."

हिनं हात पुसले, बसली आणि वाचलं. न्यायालयात साक्ष परत वाचून दाखवतात तशा आवाजात.

"ती दुपारी तीन वाजता आली. हातात कापडी पिशवी, एका पायात चप्पल. म्हणाली, डाव्या कानानं ऐकू येत नाही. मी म्हणालो, सर्दी झाली असेल. मी तिला आत बोलावलं नाही, पाणी विचारलं नाही. स्कूटर काढली. वाटेत ती मागून काही बोलत होती. ऐकू येऊ नये म्हणून मी वेग वाढवला. तिच्या दारात तिला उतरवलं आणि तिच्या नवऱ्याला म्हणालो, सांभाळून घ्या. त्यानं चहा विचारला. मी बसून चहा घेतला. ती आत होती. कप तिनंच आणून दिला."

असं चार पानं. दुसरी वेळही तशीच. शेवटचं वाक्य: "त्या चहाची मला आजही लाज वाटते."

मी खुर्ची मागे सरकवून उठलो. मग ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहीत नाही.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. सात तारखेला चप्पल, नऊला स्कूटर, अकराला चहा."

"माझी साडेअकरा पानं होती. बाकीची कुठे गेली?"

"त्यांत काही घडलं नव्हतं."

"तू माझ्या नावावर—"

"हो," ही म्हणाली. "सव्वीस वर्षं मी लोकांनी सांगितलं ते जसंच्या तसं टाइप केलं. तुमचं मात्र पहिल्या खेपेला तुम्ही लिहिलं तसं टाइप केलं, आणि मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या वेळी ती आली तेव्हा मी घरात होते. तिची पिशवी मीच उचलून स्कूटरवर ठेवली. ते या प्रकरणात नाही. ते माझं आहे, ते मी तिला पत्रानं कळवलंय."

"तिला? म्हणजे त्रेपन्नावी—"

"रविवारी येणार आहे ती."

आणि मग अगदी सहज, भाजीचं सांगावं तसं म्हणाली, "आणि ते झाकण आता मला परत द्या. सिग्नलचं काही नव्हतं. डोंगल मी सैल करत होते."

२८ मार्च

मला फसवलं गेलं आहे. माझ्या घरात, माझ्या झोपेत. दुरुस्तीवाली सामील होती. मास्तरांना माहीत होतं का, हे विचारायचं धाडस होत नाही.

ठरलं. बावन्न जणांना, त्रेपन्न जणांना शुद्धिपत्र पाठवायचं. सिग्नल चार दांड्या आहे, अडवायला कुणी नाही. हिला सांगितलं. म्हणाली, "लिहून द्या, टाइप करते. एक अक्षर बदलणार नाही."

चार पानांची छापील प्रत हिच्याकडून घेतली, भिंग घेऊन बसलो. मीटरची तपासणी करताना नियम साधा असतो: नोंदवलेला आकडा आणि प्रत्यक्ष आकडा, फरक असेल तिथे लाल खूण.

तीन वाजता आली. बरोबर. पिशवी. बरोबर. एक चप्पल. बरोबर. सर्दी म्हणालो. म्हणालो होतो. पाणी विचारलं नाही. इथे अडलो. खूप आठवून पाहिलं. माठ दारापासून चार पावलांवर होता. नाही विचारलं. स्कूटर, वेग, चहा. कप तिनं आणला तेव्हा तिच्या हाताकडे मी पाहिलं नव्हतं, म्हणून त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. हिनं तेही माझ्या पदरचं घातलेलं नाही.

चार पानांवर लाल खूण एकच झाली, शेवटच्या वाक्याला. ते मी कधीही बोललो नाही. शुद्धिपत्र लिहिलं: "पृष्ठ १३९ वरील अखेरचं वाक्य माझं नाही." सही केली. एवढंच झालं. एवढंसं शुद्धिपत्र त्रेपन्न जणांना पाठवलेलं कसं दिसेल, याचा विचार करत आहे. तोवर घडी करून खिशात ठेवलं.

३० मार्च, रविवार

आली. केस पांढरे, आखूड कापलेले. मोठ्या रुग्णालयात मेट्रन होती, मागच्या वर्षी निवृत्त झाली म्हणे. कपाट अजून दारातच आहे, त्यामुळे तिला माझ्या खोलीत आडवं होऊन यावं लागलं. म्हणाली, "हे काय रे?" मी म्हणालो, "सिग्नलसाठी." एकतीस वर्षांनंतरचं आमचं पहिलं बोलणं हे.

खुर्ची तिनं उचलून माझ्या डाव्या हाताला आणली, उजवा कान माझ्याकडे येईल अशी. ही दारात उभी राहिली. आत आली नाही, गेलीही नाही.

"टाइप कुणी केलं ते कळलं मला," बहीण म्हणाली. "तू इतकं थोडक्यात आयुष्यात कधी लिहिलं नाहीस, दादा."

मी खिशावर हात ठेवला.

"वहिनीचं पत्रही मिळालं. तिचं तिच्याशी बोलेन. तुला एकच विचारायचंय. शेवटचं वाक्य कुणाचं?"

कागद खिशात होता, सहीसकट. नुसता काढून द्यायचा होता. प्रत्यक्ष आकडा काय ते मला ठाऊक होतं. पण ती आता मला ऐकण्यासाठी थोडी पुढे वाकून बसली होती, आणि एवढं ऐकण्याची तयारी ठेवून माझ्यासमोर बऱ्याच वर्षांत कुणी बसलेलं नाही.

"माझं," मी म्हणालो.

खोटं बोललो असं लिहायला बसलो आहे. अर्धा तास झाला, त्यातलं खोटं नेमकं कुठलं ते सापडत नाही.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा माझा हात धरेल. मी हात जरा पुढेही करून ठेवला होता.

"बरं," ती म्हणाली. "मग आता मला तुझ्यावर नीट रागावता येईल."

आणि रागावली. दोन तास. आवाज न चढवता, रुग्णालयातल्या माणसासारखी, एकेक गोष्ट क्रमानं. कान का गेला ते सांगितलं. वसतिगृहात पहिल्या रात्री शेजारच्या खाटेवरच्या मुलीनं काय विचारलं ते सांगितलं. मी वेग वाढवला तेव्हा ती मागून काय बोलत होती, तेही सांगितलं. ते इथे लिहिणार नाही. दोनदा मी मध्ये बोलायला तोंड उघडलं, दोन्ही वेळा हिनं दारातून माझ्याकडे पाहिलं, आणि मी मिटलं.

ती गेल्यावर ही आत आली, खुर्ची जागेवर ठेवली.

"दमलात?"

"हो," मी म्हणालो. मी तर काहीच केलं नव्हतं, नुसता बसून ऐकत होतो. तरी खांबावरून उतरल्यावर दमलो होतो, त्याहून दमलो होतो.